मॅलेट आडनावाची साधने : एक परीक्षण

(१)

इतिहाससाधनांत व्यक्तिनामाइतके सोपे वाटणारे आणि तितकेच फसवे साधन दुसरे नाही. जुन्या रुमालात एखादे युरोपीय आडनाव वाचावयास मिळाले की संग्राहकास आनंद होतो; यादी करिताना तो त्या आडनावापुढे ‘साहेब’ एवढा शब्द जोडतो आणि पुढील कागद हाती घेतो. पुढे ती यादी एखाद्या अभ्यासकाच्या हाती पडते. तो त्या आडनावाचा जो पुरुष त्यास ठाऊक असेल त्याच्या पदरी तो कागद घालतो. येणेप्रमाणे एकाचे कर्तृत्व दुसऱ्याच्या नावे चढते, तिसऱ्याचा दोष चौथ्याच्या माथी बसतो, आणि छापील टिपेत एकदा शिरलेली चूक मूळ कागदापेक्षाही अधिक प्रमाण मानली जाते. या सवयीचे परीक्षण करावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परीक्षणासाठी आम्ही ‘मॅलेट’ हे एकच आडनाव घेतले आहे. त्यास कारणे दोन. हे आडनाव मूळचे फ्रान्सातील, वाढले इंग्लंडात, आणि त्या नावाच्या पिता-पुत्रांनी पुणे, मुंबई व ठाणे येथे अधिकार भोगला. म्हणजे मराठी कागदांत ते एकाहून अधिक व्यक्तींचे असू शकते. दुसरे असे की, या घराण्याविषयी छापील ग्रंथ, सरकारी पत्रव्यवहार आणि चित्रे अशी तिन्ही प्रकारची साधने उपलब्ध आहेत. त्यामुळे ज्या चुका अल्पख्यात नावांच्या बाबतीत झाकल्या राहतात, त्या येथे उघड्या करून दाखविता येतात.

निरुक्तकार यास्काने शब्दाचे निर्वचन करणारास एक इशारा दिलेला आहे. प्रकरण न पाहता सुट्या पदाचे निर्वचन करू नये, असा त्याचा आशय आहे. वैदिक शब्दांसाठी सांगितलेला हा नियम दप्तरातील नावांस जसाच्या तसा लागू पडतो. आडनाव हे सुटे पद होय. ते कोणत्या वाक्यात, कोणत्या हुद्द्याबरोबर, कोणत्या मितीस आले हे प्रकरण. आणि प्रकरणावाचून त्याचा अर्थ करणे म्हणजे केवळ अटकळ बांधणे.

(२)

प्रथम घराण्याच्या उगमाकडे पाहू. नॉर्मंडीत समुद्रकाठी ग्राव्हिल येथील सरदार विल्यम मॅलेट हा १०६६ साली हेस्टिंग्जच्या लढाईत नॉर्मन विल्यमच्या बाजूने लढला. त्याने सफोक परगण्यात आय येथे गढी बांधली. यॉर्क येथे तो अंमलदार असता १०६९ साली डेन लोकांच्या हाती सापडला. त्याचा पुत्र रॉबर्ट याचे नाव १०८६ च्या डूम्सडे जमीनमोजणीत मोठ्या जमीनदारांमध्ये येते. पुढे १२१५ साली जॉन राजाकडून मॅग्ना कार्टाची सनद घेतली गेली. तिचे पालन व्हावे म्हणून जे पंचवीस सरदार नेमले गेले, त्यांतही एक विल्यम मॅलेट आहे. म्हणजे दीडशे वर्षांच्या आत एकाच नावाचे व एकाच आडनावाचे दोन प्रसिद्ध पुरुष झाले. इतिहासाचा नवशिका विद्यार्थी त्यांस एक समजेल तर त्यात नवल नाही.

घराण्याची दुसरी शाखा फ्रान्सातच राहिली. लुई माले द ग्राव्हिल (१४३८–१५१६) हा फ्रान्सचा आरमारप्रमुख झाला. त्याची कन्या आन ही कवयित्री म्हणून मान्यता पावली. क्लोद फ्रांस्वा द माले हा फ्रेंच सेनापती १८१२ च्या ऑक्टोबरात, नेपोलियन रशियाच्या मोहिमेत गुंतला असता, त्याच्या मृत्यूची खोटी वार्ता उठवून पॅरिसमध्ये राज्यक्रांती करावयास निघाला आणि थोड्याच दिवसांत गोळी घालून मारला गेला. आल्बेर माले हा इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांचा कर्ता १९१५ साली पहिल्या महायुद्धात पडला. पण या सेनापतीचा किंवा या पाठ्यपुस्तककाराचा ग्राव्हिलच्या सरदाराशी रक्तसंबंध आहे, असे केवळ आडनावाच्या साम्यावरून म्हणता येणार नाही.

आडनावाच्या व्युत्पत्तीने या कामी साहाय्य होईल असे कोणास वाटेल, तेही नाही. कोणी ते नाव हातोडीवाचक शब्दाशी जोडतात, कोणी ‘शापित’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच विशेषणाशी, तर कोणी एका विशेषनामाचे लघुरूप मानतात. ज्या नावाची अशी तीन निर्वचने संभवतात, ते तीन निरनिराळ्या गावी तीन निरनिराळ्या कुळांस पडणे अगदी स्वाभाविक आहे. आमच्याकडे कुळकर्णी, जोशी, पाटील ही आडनावे वृत्तीवरून गावोगाव स्वतंत्रपणे उत्पन्न झाली. त्या सर्वांचा मूळपुरुष कोणी एक मानीत नाही. परंतु आडनाव जरा विरळ असले की हेच शहाणपण आपण विसरतो.

(३)

आता महाराष्ट्राशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आला त्या मॅलेटांकडे वळू. त्यांतील प्रमुख सर चार्ल्स वॉर मॅलेट (मृत्यू १८१५). हा कंपनीच्या नोकरीत प्रथम खंबायत येथे होता. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर इंग्रजांचा पुणे दरबाराशी होणारा व्यवहार महादजी शिंद्यांच्या द्वारे चाले. पुण्यास स्वतंत्र इंग्रज वकील ठेवावयाचा तर महादजींची संमती आवश्यक होती. ती मिळविण्यासाठी मॅलेट १७८५ साली सुरतेहून निघून उत्तरेत महादजींच्या छावणीपर्यंत गेला. १७८६ साली तो पुण्यास आला आणि १७९७ पर्यंत तेथे वकील म्हणून राहिला. १ जून १७९० रोजी टिपूविरुद्ध पेशवे, निजाम व इंग्रज यांचा जो तह पुण्यात झाला, तो त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी गोष्ट. १७९१ साली त्यास बॅरोनेट ही पदवी मिळाली. खर्ड्याची लढाई व सवाई माधवरावांचा मृत्यू ही दोन्ही प्रकरणे (१७९५) घडली तेव्हा तो पुण्याच्या वकिलातीवर होता.

विलायतेस परतल्यावर १७९९ साली त्याने जेम्स वेल्स या चित्रकाराच्या सुझाना नावाच्या मुलीशी विवाह केला. त्यास आठ पुत्र झाले, आणि येथूनच संग्राहकाची अडचण सुरू होते. थोरला सर अलेक्झांडर हा जर्मनीत फ्रँकफर्ट येथे इंग्रज वकील होता. जॉर्ज ग्रेनव्हिल हा मुंबईच्या घोडदळात अधिकारी. मीर मासूम याच्या सिंधच्या फार्सी इतिहासाचे त्याने केलेले इंग्रजी भाषांतर मुंबई सरकारने १८५५ साली छापले. आर्थर हा मुंबईच्या मुलकी नोकरीत चढत जाऊन गव्हर्नरच्या कौन्सिलापर्यंत पोचला. ह्यू पॉइंट्झ हा ठाण्याचा कलेक्टर. १८५० च्या मे महिन्यात चौक येथे मुक्काम असता तो माथेरानचा डोंगर चढून गेला आणि त्यामुळे त्या थंड हवेच्या ठिकाणाची वसाहत सुरू झाली. सर अलेक्झांडरचा पुत्र सर एडवर्ड (१८३७–१९०८) हा १८८२ च्या इजिप्त प्रकरणाच्या वेळी कैरो येथे इंग्रजांचा प्रतिनिधी होता व पुढे बर्लिन येथे राजदूत झाला.

तेव्हा ‘मॅलेट साहेब’ एवढीच नोंद असलेल्या कागदाचा काळ जर ठरला नसेल, तर तो कागद नाना फडणिसांच्या राजकारणाचा आहे, मुंबई सरकारच्या एखाद्या इनामाच्या चौकशीचा आहे, की ठाणे जिल्ह्यातील जंगलाच्या हद्दीचा आहे, हे आडनाव सांगू शकत नाही. पुण्याचा वकील १८१५ साली वारला. ठाण्याचा कलेक्टर त्यानंतर पस्तीस वर्षांनी माथेरानावर चढला. तरीही ‘पुण्याच्या रेसिडेंटाने माथेरान शोधले’ असे एखादे विधान कोणी सहज लिहून जाईल, आणि वाचणारासही त्यात वावगे दिसणार नाही. मुंबईच्या गोदीभागात ‘मॅलेट बंदर’ हे नाव आजवर टिकून आहे. त्या नावातही आडनाव तेवढे राहिले आणि मनुष्य गळाला.

(४)

कोणी म्हणेल, इंग्रजी अक्षरे नीट पाहिली म्हणजे झाले. परंतु अक्षरेही फसवितात, आणि ती दोन्ही बाजूंनी फसवितात. रोमन लिपीत हे आडनाव एका ‘एल’ने लिहिले जाते; दोन ‘एल’नी लिहिलेले मॅलेट निराळे. सर लुई मॅलेट (१८२३–१८९०) हा १८७४ ते १८८३ पर्यंत लंडनच्या इंडिया ऑफिसात कायम उपसचिव होता. हिंदुस्थानाच्या कारभाराच्या कागदांत त्याचे नाव पदोपदी येते. तो दोन ‘एल’चा, आणि त्याचे कूळ जिनिव्हाकडचे; राज्यक्रांतीच्या काळातील पत्रकार जाक माले द्यू पां याचा तो नातू. पुणेकर मॅलेटाशी त्याचा संबंध नाही. भूगर्भ सर्वेक्षण खात्यात विंध्य थरांचा अभ्यास करणारा फ्रेडरिक रिचर्ड मॅलेट हाही दोन ‘एल’चाच.

देवनागरीत लिहिताना हा भेद नष्ट होतो. दोघेही ‘मॅलेट’ होतात. उलट फ्रेंच सेनापती व इंग्रज वकील यांचे आडनाव रोमन लिपीत एकच असता, उच्चाराप्रमाणे देवनागरीत एक ‘माले’ व दुसरा ‘मॅलेट’ होतो. म्हणजे रोमन लिपीत जे भिन्न ते आपल्या लिपीत एक, आणि रोमन लिपीत जे एक ते आपल्या लिपीत भिन्न. त्यात आणखी गंमत अशी की, इंग्लंडातील शेप्टन मॅलेट व करी मॅलेट ही गावे ज्या नॉर्मन घराण्यावरून ओळखली जातात, ते एका ‘एल’चे; पण गावांची नावे मात्र आज दोन ‘एल’नी लिहितात. तस्मात् वर्णसंख्येवर भिस्त ठेवून कूळ ठरविणेही निर्धोक नाही.

मोडीची गोष्ट याहून बिकट. तीत इकार-उकारांचा ह्रस्वदीर्घ भेद पाळला जात नाही, शब्द तोडून लिहिण्याची चाल नाही, आणि ‘अ‍ॅ’ या इंग्रजी स्वरास स्वतंत्र चिन्ह नाही. कारकुनाच्या कानास जसे लागले तसे ते उतरले : मालेट, मलेट, मालिट यांपैकी कोणतेही रूप एकाच मनुष्याचे असू शकते, आणि एकच रूप दोन मनुष्यांचेही असू शकते. यादीकाराने मोडीतील रूप जसे आहे तसे आधी लिहावे आणि आपले अनुमान त्यापुढे निराळे मांडावे, हे त्यावर औषध आहे. मूळ रूप पुसून त्या जागी शुद्ध केलेले इंग्रजी नाव घालणे म्हणजे पुरावा नष्ट करणे होय.

आडनाव धारण करणारा त्या कुळात जन्मलेला असतोच असेही नाही. इंग्रजी कादंबरीकार ‘ल्यूकस मॅलेट’ ही वास्तविक चार्ल्स किंग्जली या ग्रंथकाराची कन्या मेरी (१८५२–१९३१). तिने टोपणनाव म्हणून हे नाव घेतले. ग्रंथसंग्रहालयाच्या यादीत ती मॅलेटांमध्ये बसते. वंशावळीत तिला त्या नावाने जागा नाही.

(५)

आता छापील साधनांचे गुणदोष पाहू. वर आलेला आर्थर मॅलेट याने नोकरीतून निवृत्त झाल्यावर आपल्या घराण्याच्या इंग्लंडातील शाखेची माहिती देणारे पुस्तक १८८५ साली प्रसिद्ध केले. पुण्याच्या वकिलाच्या मुलाने, स्वतः मुंबई इलाख्यात अधिकार भोगून, उतारवयात केलेले हे संकलन आहे. घरातील कागद, नातलगांची नावे, जन्ममृत्यू यांबाबत अशा ग्रंथाचा अधिकार मोठा असतो. कारण लेखक त्या घरातील असतो. परंतु जो ग्रंथ कुळाच्या अभिमानाने लिहिला जातो, त्याचा प्रश्नच मुळी ‘आमचे कोण कोण’ असा असतो. ‘आमचे कोण नव्हेत’ हा प्रश्न त्यास सुचत नाही. हेस्टिंग्जच्या लढाईतील सरदार आणि पुण्याचा वकील यांच्यामध्ये सात शतके आहेत. कुळकथा त्यांस एका दोरीत ओवते. इतिहासाने त्या दोरीची प्रत्येक गाठ स्वतंत्र पुराव्याने तपासली पाहिजे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महाराष्ट्रात कुलवृत्तांत सिद्ध करण्याची जी लाट आली, तिलाही हाच निकष लावला पाहिजे. त्या ग्रंथांनी अनेक घरांतील जुने कागद वाचविले, हे त्यांचे ऋण निर्विवाद. परंतु मूळपुरुषापासून पहिल्या चार-पाच पिढ्यांची नावे स्मृतीवर, आणि पुढील पिढ्या कागदांवर, असा भेद ज्या वृत्तांतात स्पष्ट केलेला नाही, त्याची वंशावळ अर्धी इतिहास व अर्धी श्रद्धा आहे असे समजून चालावे.

दुसरे साधन ‘पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहार’ या मालेचा दुसरा खंड. गो. स. सरदेसाई यांनी तो संपादिला व १९३६ साली तो सरकारने प्रसिद्ध केला. १७८६ ते १७९७ या काळातील पुणे दरबाराच्या हालचाली त्यात वकिलाच्या लेखणीतून दिवसवार दिसतात. पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड १९३० ते १९३४ या अल्पावधीत सिद्ध करणाऱ्या संपादकाने पुन्हा हे काम अंगावर घेतले, याबद्दल महाराष्ट्र त्यांचा ऋणाईत आहे. तथापि खंडास ‘मॅलेटची वकिलात’ असे नाव पडले, आणि मालेतील पुढील खंडही पामर, क्लोज, एल्फिन्स्टन यांच्या वकिलातींच्या नावे निघाले. दप्तराची मांडणीच तशी असल्यामुळे हे अपरिहार्य होते. पण त्याचा वाचकावर जो परिणाम होतो तो ध्यानी घेतला पाहिजे. पुण्याचे अकरा वर्षांचे राजकारण एका परकीय गृहस्थाच्या चरित्राचा अध्याय वाटू लागते. शिवाय ‘मॅलेट लिहितो’ असे आपण सहज म्हणतो, पण ज्याच्या सहीने पत्र गेले त्याच्यामागे बातमीदार, मुनशी, दुभाषे यांचे मोठे मंडळ होते. त्याच्या पदरच्या नूरुद्दीन हुसेन खान याने लिहिलेले नजीबुद्दौल्याचे फार्सी चरित्र पानिपतच्या अभ्यासकांस परिचित आहे. यदुनाथ सरकारांसारख्या विद्वानास ते इंग्रजीत आणावेसे वाटले. ज्या वकिलातीत असा जाणता मनुष्य होता, तेथून निघालेल्या पत्रातील माहिती ‘मॅलेटची’ म्हणताना आपण एका कचेरीस मनुष्याचे नाव देत आहोत, हे विसरता कामा नये.

तिसरे साधन चित्र. सवाई माधवरावांच्या दरबारात १७९० च्या तहाप्रसंगी मॅलेट उपस्थित आहे, असे टॉमस डॅनियलचे भव्य तैलचित्र पुष्कळांनी छापील रूपात पाहिले असेल. मूळ चित्र लंडनच्या टेट संग्रहात आहे. त्या चित्रावरून दरबारातील बैठकीचा क्रम, पोशाख, मानपान यांविषयी अनुमाने काढली जातात. परंतु चित्राचा इतिहास पाहा. ते डॅनियलने विलायतेत १८०५ साली पूर्ण केले. तहाच्या वेळी डॅनियल पुण्यात नव्हता. ज्या वेल्सच्या अभ्यासचित्रांचा त्यास आधार होता, तो वेल्सही पुण्यास १७९२ साली, म्हणजे तहानंतर दोन वर्षांनी, आला आणि १७९५ साली वारला. चित्र करवून घेणारा स्वतः मॅलेट, आणि तो वेल्सचा जावई. म्हणून त्यातील चेहरे, जे वेल्सने पुण्यात प्रत्यक्ष पाहून रेखाटले, ते विश्वसनीय. पण दरबाराची एकंदर रचना ही घराण्याच्या गौरवार्थ मागाहून केलेली योजना आहे. दरबाराचा साक्षीदार म्हणून नव्हे, तर कुलदस्तऐवज म्हणून ते चित्र वाचावे, असे आमचे मत आहे.

(६)

आडनावाच्या प्रकाशात जे उभे राहिले त्यांची चर्चा झाली. त्या प्रकाशाबाहेर जे राहिले, त्यांचेही स्मरण परीक्षकाने केले पाहिजे. मॅलेटने वेरूळच्या लेण्यांचे जे वर्णन लिहिले ते ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या सहाव्या खंडात छापले गेले आणि युरोपात वेरूळची कीर्ती पसरण्यास साहाय्यभूत झाले. त्या लेण्यांची चित्रे मात्र गंगाराम चिंतामण तांबट या पुण्याच्या चित्रकाराच्या हातची. लेणी उन्हापावसात उभे राहून ज्याने रेखिली त्याचे नाव बराच काळ विद्वानांच्याही ओठी नव्हते. ज्याच्या आज्ञेने ती रेखिली गेली त्याचे मात्र होते. त्याचप्रमाणे अंबर कौर ही स्त्री पुण्यात मॅलेटच्या घरी होती, तिला त्याच्यापासून मुले झाली, आणि वेल्सने तिचे चित्रही काढले. बॅरोनेटच्या वंशावळीत आठ पुत्र मोजले जातात. ही मुले त्यांत नाहीत. घराण्याचा इतिहास आणि मनुष्याचा इतिहास यांत अंतर कोठे पडते, ते येथे दिसून येते.

नावाचा हा व्यत्यय एकतर्फी नव्हता. आमच्या कारकुनांनी इंग्रजांचे आडनाव ठेवले व नाव टाकले. इंग्रजांनी आमचे नाव ठेवले व आडनाव टाकले. नाना फडणिसांच्या वतीने मॅलेटशी बोलणी करणारे बहिरो रघुनाथ मेहेंदळे हे इंग्रजी पत्रांत ‘बहिरो पंडित’ म्हणून येतात. सूचीत ‘मेहेंदळे’ शोधणारास ते सापडणार नाहीत. आणि केवळ ‘मेहेंदळे’ सापडले तरी काम भागत नाही : पानिपतच्या मोहिमेत १७६० च्या अखेरीस पडलेले बळवंतराव मेहेंदळे, ज्यांच्या नावाचा चौक आजही पुण्यात आहे ते त्यांचे पुत्र अप्पा बळवंत, १९१० साली राजवाड्यांबरोबर भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना करणारे खंडेराव चिंतामण, आणि शिवचरित्रकार गजानन भास्कर, हे सर्व मेहेंदळेच. मंडळाच्या एका संस्थापकाचे आणि नानांच्या विश्वासू मध्यस्थाचे आडनाव एक म्हणून कोणी दोघांचे कागद एका रुमालात बांधणार नाही. मॅलेटांच्या बाबतीतही तीच दक्षता हवी.

(७)

हा प्रश्न पुण्या-मुंबईचाच आहे असे मानून वऱ्हाडातील संग्राहकांनी स्वस्थ बसू नये. यवतमाळ जिल्ह्याचा प्रदेश वर्धा नदीच्या पश्चिमेस. १८०३ च्या देवगावच्या तहाने नागपूरकर भोसल्यांचा येथील हक्क सुटला आणि तो निजामाच्या एकट्याच्या अमलात गेला. त्यामुळे येथील जुन्या घरांत नागपूर, हैदराबाद आणि पुणे अशा तीन दिशांचे कागद येऊन पडले आहेत, आणि तिन्हींत साहेबांची नावे आहेत.

उदाहरणार्थ ‘पामर’. मॅलेटच्या मागून पुण्याची वकिलात जनरल विल्यम पामर याजकडे आली. ती १८०१ पर्यंत होती. त्याचा पुत्र हैदराबादेत सावकारी पेढी काढून निजाम सरकारास मोठमोठी कर्जे देऊ लागला, आणि पुढे त्या कर्जांचे प्रकरण फार गाजले. पुत्राचेही नाव विल्यमच. तेव्हा या ठिकाणी आडनावाबरोबर पाळण्यातले नाव मिळाले तरी उलगडा होत नाही. कागद वकिलातीचा की पेढीचा, आणि १८०१ च्या अलीकडचा की पलीकडचा, हेच पाहावे लागते.

किंवा ‘आदम’. दुसऱ्या बाजीरावाचा अखेरचा पाठलाग चालू असता १७ एप्रिल १८१८ रोजी पांढरकवड्यानजीक सिवनी येथे कर्नल अ‍ॅडम्सने त्यास गाठून मोडले. ही लढाई आमच्या जिल्ह्यातली. त्याच महिन्यांत गव्हर्नर जनरलच्या राजकीय पत्रांवर सही करणारा सचिव होता जॉन अ‍ॅडम. एक तलवारीचा, दुसरा लेखणीचा. परंतु मोडीत दोघेही ‘आदम साहेब’ होण्यास अडचण नाही. आणि त्या वेळचा गव्हर्नर जनरल ‘हेस्टिंग्ज’ तो वॉरन हेस्टिंग्ज नव्हे; तेथे ते आडनाव नसून सरदारकीची पदवी आहे. १८१८ च्या कागदातील हेस्टिंग्ज वाचून १७८२ च्या सालबाईची आठवण करणारा अभ्यासक या पदवीनेच फसतो.

अगदी जवळचे उदाहरण द्यावयाचे तर वणीच्या अणे घराण्याचे. लोकनायक माधव श्रीहरी अणे (१८८०–१९६८) यांचा ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ हा संस्कृत ग्रंथ साहित्य अकादमीच्या पुरस्काराने १९७३ साली गौरविला गेला. त्यांचे नातू श्रीहरी अणे हे राज्याचे महाधिवक्ता होते व २०१६ साली त्यांनी ते पद सोडले. आजोबांच्या वडिलांचेही नाव श्रीहरी. पूर्वजाचे नाव वंशजास ठेवण्याची आमची रीत गोड आहे, पण शंभर वर्षांनी ‘श्रीहरी अणे’ एवढीच सही असलेला सालाविना कागद कोणाच्या हाती लागला, तर त्यास चार पिढ्यांच्या अंतरातून एक निवडावा लागेल.

(८)

यावरून संग्राहकांस आम्ही चार सूचना नम्रपणे करतो. पहिली, यादीत आडनाव कधीही एकटे लिहू नये. कागदात हुद्दा, ठिकाण, सोबतची नावे जी असतील ती सर्व त्याच ओळीत उतरावी, आणि नसतील तर ‘नाव नाही’ असे स्पष्ट लिहावे. दुसरी, मूळ मोडी रूप आणि यादीकाराचे अनुमान यांच्यासाठी दोन स्वतंत्र रकाने ठेवावे. तिसरी, मितीची फोड करताना शक, फसली, शुहूर सन आणि हिजरी चंद्र यांपैकी काय मिळाले ते नोंदवावे. नुसता इसवी सन लिहिल्यास तो कशावरून काढला हे पुढच्यास कळत नाही. चौथी व सर्वांत महत्त्वाची, रुमालातील कागदांचा मूळ क्रम मोडू नये. ‘मॅलेटचे कागद’ म्हणून एखादा कागद वेगळा काढून मखमलीत ठेवला, की ज्या शेजारच्या कागदांनी तो कोणता मॅलेट हे सांगितले असते, त्यांची साक्ष कायमची बुडते. यास्काने ज्यास प्रकरण म्हटले, ते दप्तराच्या भाषेत हेच.

या सूचना कष्टाच्या वाटतील, पण त्यांत खर्च नाही. विकत घेणारा आज ‘पुण्याच्या रेसिडेंटाचे पत्र’ म्हटल्याने चार पैसे अधिक देतो, आणि ‘ठाण्याच्या कलेक्टराचे पत्र’ म्हटल्यास तोंड फिरवितो. ज्या कागदात एखाद्या ठाकूर पाड्याच्या रानाची हद्द लिहिलेली असेल, तो त्या पाड्याच्या इतिहासास नाना फडणिसांच्या पत्राइतकाच मोलाचा आहे. वऱ्हाडातील वाडे पडत आहेत आणि त्यांच्या माळ्यांवरील पेट्या रद्दीच्या भावाने जात आहेत. त्या पेट्या उघडणारांनी निदान एवढे करावे : मोठे नाव शोधण्याच्या घाईत कागदाचे खरे नाव पुसू नये.